लखोटे फुटतात त्या अर्ध्या तासाबद्दल

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या दोन महिन्यांत गणवेश, बाकडी, धान्य, टँकर अशा कामांच्या निविदा निघतात आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून विचारणा वाढते. माझी सारी नोकरी लेखा शाखेत गेली. निविदा उघडण्याच्या टेबलाशी मी अनेकदा बसलो आहे. या वेळचे बहुतेक प्रश्न त्याच अर्ध्या तासाचे आहेत.

चोपडा तालुक्यातल्या बचत गटाच्या ताई विचारतात : गणवेश शिवण्याच्या कामाची सीलबंद निविदा भरायची मुदत दुपारी 3 पर्यंत होती. एसटी उशिरा आली, आम्ही 3 वाजून 10 मिनिटांनी पोचलो. आवक लिपिकाने लखोटा घेतला, शिक्काही मारला, पण उघडला नाही. हा अन्याय नाही का?

ताई, तुमची धावपळ कळते, पण समितीने केलं ते बरोबर आहे. आवकचा शिक्का म्हणजे कागद मिळाल्याची पोच, निविदा स्वीकारल्याची नव्हे. मुदतीनंतरचा लखोटा न फोडता, त्यावर ‘उशिरा प्राप्त’ लिहून परत द्यायचा असतो. दहा मिनिटांची सूट एकाला दिली, तर वेळेत आलेल्यांवर अन्याय होतो. त्या दिवशी दुसऱ्या कुणाचा उशिरा आलेला लखोटा उघडला गेला का, हे मात्र जरूर पाहा. तसं झालं असेल तर लेखी तक्रार करा. मुदत वाढवायची तर ती संपण्याआधी, शुद्धीपत्रक काढून, सर्वांसाठी वाढवावी लागते. मुदतीचा दिवस अचानक सुट्टीचा ठरला, तर सहसा पुढचा कामाचा दिवस, तीच वेळ धरतात.

शहाद्याजवळच्या आश्रमशाळेचे मुख्याध्यापक : निविदा समितीवर पहिल्यांदाच नाव आलं आहे. लखोटे उघडताना नेमकं काय करायचं?

सर, सुरुवात पेटीपासून करा. पेटीला दोन कुलपं असावीत आणि किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे. ठरल्या वेळी, आलेल्या निविदाधारकांसमोर पेटी उघडा. एकही लखोटा फाडण्याआधी सगळे मोजा आणि आकडा मोठ्याने सांगा. पाच असतील तर प्रत्येकावर 1/5, 2/5 असे क्रमांक टाका. मग सहावा कुठून येणार नाही आणि पाचवा कुठे जाणार नाही. प्रत्येक लखोट्याचं सील सर्वांना दाखवा, मगच फोडा.

आतल्या कागदांवर समितीच्या प्रत्येक सदस्याची तारखेसह सही हवी. त्यानंतर निविदाधारकाचं नाव, बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत), दर, पुरवठ्याची मुदत आणि सवलत मोठ्याने वाचा. दराभोवती गोल करून आद्याक्षरी, म्हणजे छोटी सही, करा. जिथे खाडाखोड आहे तिथे लाल शाईने गोल, क्रमांक आणि सही. शेवटी ‘एकूण खाडाखोड 3’ असं पानावर लिहा. खाडाखोड नसेल तर ‘खाडाखोड नाही’ हेही लिहा. दराच्या रकान्यात मोकळी जागा असेल तर तिथे आडवी रेघ मारा. हे सारं वेळखाऊ वाटतं, पण 115 च्या पुढे एक आकडा वाढवायला रात्र पुरते. सवलतीचंही तसंच आहे. टेबलावर ‘सवलत : नाही’ असं वाचून लिहिलं असेल, तर दुसऱ्या दिवशी फाइलमध्ये सवलतीचं पत्र उगवू शकत नाही.

या बैठकीत पात्र-अपात्र ठरवायचं नाही, वाद घालायचा नाही, बेरीजही दुरुस्त करायची नाही. दिसेल ते लिहायचं. छाननी नंतर होते. तेव्हा अंकी आणि अक्षरी दरात फरक असेल तर अक्षरी धरतात, नगाचा दर आणि एकूण रक्कम जुळत नसेल तर नगाचा दर धरतात. उठण्याआधी तिथेच नोंदतक्ता करून समितीच्या आणि हजर निविदाधारकांच्या सह्या घ्या.

आपल्याकडची एक गोष्ट सांगतो. एका कार्यालयात ऐन मे महिन्यात लोखंडी कपाटात ठेवलेल्या दोन लखोट्यांची लाख उन्हाने विरघळली आणि ते एकमेकांना चिकटले. सोडवताना एकाची कड फाटली, आतला कागद दिसू लागला. आम्ही हात थांबवला, हजर असलेल्यांसमोर तिथेच पंचनामा लिहिला, त्यांच्या सह्या घेतल्या आणि मगच पुढे गेलो. पुढे कुणाचीही तक्रार आली नाही. खानदेशातल्या उन्हात नुसत्या लाखेवर भरवसा ठेवू नका. लखोट्याच्या जोडावर सही करून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावायला सांगा.

धुळ्याचे एक तरुण ठेकेदार : महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन निविदांच्या साइटवर, सगळी कागदपत्रं चढवली, दरपत्रकही भरलं. उघडताना यादीत माझं नावच नाही!

भाऊ, शेवटचं ‘फ्रीझ बिड सबमिशन’चं बटण दाबलं होतं का? ते दाबेपर्यंत निविदा दाखल होत नाही. दाबल्यावर बिड क्रमांक आणि वेळ असलेली पोच येते, ती छापून ठेवायची. ती नसेल तर दाद मागायला हातात काही उरत नाही. वेळ सर्व्हरची धरतात, तुमच्या घड्याळाची नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडे रेंज जाते आणि शेवटच्या तासात साइटवर गर्दी होते, म्हणून आदल्या दिवशीच फ्रीझ करा. मुदतीआधी दुरुस्ती करून पुन्हा सादर करता येतं. दराच्या एक्सेल फाइलचं नावही बदलू नका.

तुमची निविदा तिथे कुलूपबंद असते, कुणा एका साहेबाला ती आधी उघडता येत नाही. उघडणाऱ्या अधिकाऱ्यांची नावं आधीच ठरतात आणि त्यांच्या डिजिटल सह्या लागतात, उदाहरणार्थ चारपैकी दोघांच्या. तीच दोन कुलपं, दोन किल्ल्या. कार्यालयांनी दोनच नावं घालू नयेत. एकाची बदली झाली किंवा सहीची मुदत संपली की सगळंच अडतं.

भुसावळहून : पहिलं पाकीट उघडलं, दुसरं तसंच ठेवलं. का?

पहिलं पाकीट तांत्रिक, दुसरं दराचं. तांत्रिक छाननीत जे टिकतात त्यांचंच दुसरं उघडतात, आणि त्याची तारीख त्यांना कळवतात. बाद झालेल्यांचं दराचं पाकीट उघडायचं नसतं. बाद का झालात, ते लेखी विचारा.

अमळनेर : बयाण्याचा धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) मागितलेल्या बँकेचा नव्हता म्हणून बाद केलं.

निविदेतली ती अट मुळाची आहे की दुय्यम, यावर सगळं अवलंबून आहे. पोद्दार स्टील विरुद्ध गणेश इंजिनिअरिंग वर्क्स या 1991 च्या खटल्यात बयाणा रोख किंवा स्टेट बँकेवरच्या धनाकर्षाने द्यायचा होता, दिला गेला युनियन बँकेने प्रमाणित केलेला तिचाच चेक. रक्कम सुरक्षित होती, हेतू साधला होता. दुय्यम अट कार्यालय शिथिल करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. म्हणजे सवलत देण्याची मुभा कार्यालयाला आहे. ती तुमचा हक्क ठरत नाही. दुसऱ्या कुणाला तीच सूट दिली असेल, तर तुमची बाजू भक्कम होते. 1994 च्या टाटा सेल्युलर निकालापासून न्यायालयं निर्णयापेक्षा निर्णयाची प्रक्रिया तपासतात. त्यामुळे नोंदतक्त्यावर तुमच्याबद्दल काय लिहिलंय, ते आधी पाहा.

नंदुरबार : दर उघडल्यावर दुसऱ्या क्रमांकाच्याला बोलावून ‘याहून कमी देतोस का’ विचारलं.

हे चुकीचं आहे. दर जाहीर झाल्यावर वाटाघाटी करायच्या नसतात. अपवाद म्हणून केल्या तर त्या सर्वांत कमी दरवाल्याशीच. केंद्रीय दक्षता आयोगाचं 3 मार्च 2007 चं परिपत्रक हेच सांगतं. ते केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, पण तत्त्व सगळीकडे तेच. राज्यासाठी 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाची खरेदी नियमपुस्तिका आहे. तक्रार करताना तिचा उल्लेख करा आणि बोलावणं कधी, कुणाकडून, फोनवर की पत्राने आलं, ते तारखेनिशी लिहा.

साक्रीहून एक नागरिक : मी निविदा भरलेली नाही. उघडताना बसू शकतो का?

हजर राहण्याचा अधिकार निविदाधारक आणि त्यांच्या अधिकारपत्र असलेल्या प्रतिनिधींचा. तुमच्यासाठी माहितीचा अधिकार आहे. छाननी चालू असताना व्यापारी गुपिताच्या कलम 8(1)(घ) खाली नकार मिळू शकतो, म्हणून कार्यादेश, म्हणजे काम दिल्याचा आदेश, निघाल्यावर अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, उत्तराची मुदत 30 दिवस. ‘निविदेची सर्व कागदपत्रे’ असं मोघम लिहू नका. तीनच गोष्टी मागा : उघडण्याच्या वेळचा उपस्थिती तक्ता, सह्यांचा नोंदतक्ता आणि सगळ्यांचे दर शेजारी मांडणारा तुलनात्मक तक्ता. नोंदतक्त्यावरचे दर आणि तुलनात्मक तक्त्यातले दर ओळीने ताडून पाहा.