दादा पितो, आणि तुला तेलबैल्याची कातळभिंत चढायचीय
दोन्ही एकदम अंगावर आलंय तुझ्या. शुक्रवारी रात्रभर दादाची वाट बघत जागलास तर शनिवारी बिले द्यायला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळायला, उभा राहू नकोस. तसं सरळ सांग, कोणी कमी लेखणार नाही. आपला बसाल्ट खडक पावसाळ्यानंतर फसवा असतो. होल्ड, म्हणजे धरायची खाच किंवा कंगोरा, आधी तळहाताने ठोक. पोकळ वाजला तर वजन टाकू नकोस. दोर कमरेच्या पट्ट्याला बांधायची आठची गाठ जोडीदाराकडून तपासून घे. बिले देताना ब्रेकचा, म्हणजे दोर रोखणारा, हात दोरावरून सुटता कामा नये, डास चावला तरी!

दादाचा दोर मात्र तुझ्या हातात नाही. त्याची उधारी फेडू नकोस, त्याच्या ऑफिसात 'ताप आलाय' म्हणून फोन तर मुळीच नको. पण आई वैतागून बाटल्या ओतून त्याला खोलीत कोंडायला निघाली तर अडव. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की फिट येऊ शकते, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. दादा तयार नसला तरी तू जाऊन बोल. आईलाही ने, ती तुझ्यापेक्षा जास्त थकली असणार.