गावच्या जुन्या तळ्यावर पक्षी पुन्हा यावेत आणि काठावरचे वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मृतिशिळा, टिकावेत, यासाठी श्रमदान कोठून सुरू करावे?

आपण लिहिले आहे की तळे गाळाने भरले आहे, काठावर बेशरम ही झुडपी वनस्पती माजली आहे, बांधापाशी तीन वीरगळ कलंडले आहेत आणि गावातील दहा-बारा जण दर रविवारी श्रमदानास तयार आहेत. खटाव तालुक्यातील आमच्या तळ्यावर आम्ही काही वर्षे हेच काम करीत आहोत, आणि आमची पहिली चूक आपल्याकडून होऊ नये म्हणून हे लिहितो.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही पोकलेन लावून सर्व बाजूंचे काठ सरळ उभे तोडले. पाणी भरपूर साठले, गाव आनंदले. पण त्या हिवाळ्यात शेकाट्या आणि तुतवार उतरलेच नाहीत, कारण हे पक्षी घोटाभर पाण्यात आणि ओल्या चिखलात चालत किडे टिपतात, आणि तशी जागाच आम्ही शिल्लक ठेवली नव्हती. दुष्काळी तालुक्यात पाण्याची गरज खरी आहे, म्हणून खोली बांधाकडच्या भागातच वाढवावी. ओढा जिथे तळ्याला मिळतो तो उथळ, उतरता काठ मात्र हात न लावता सोडावा. त्या काठालगतच्या उघड्या माळावर झाडे लावण्याचा मोहही आवरावा, कारण टिटवी तिथेच खड्यांमध्ये अंडी घालते. आमच्याच तालुक्यातील मायणीचा ब्रिटिशकालीन तलाव रोहित पक्ष्यांसाठी ओळखला गेला, तेही उथळ पाण्यामुळेच.

बेशरम मुळासकट उपटून पाण्यापासून दूर, कडक उन्हात वाळवावी. तोडलेला तुकडा ओल्या मातीत पडला तरी पुन्हा रुजतो. हे काम पावसाळ्यापूर्वीच उरकावे. ग्रामसभेचा ठराव आणि तळे ज्या खात्याकडे आहे त्याची लेखी परवानगी आधी घ्यावी.

वीरगळांबाबत अधिक जपावे. आमच्याकडे एका वीरगळाला कोणीतरी भक्तिभावाने ऑइलपेंट लावला होता आणि खालच्या चौकटीतील गायी त्याखाली बुजून गेल्या होत्या; त्या गायींवरूनच तो वीर गोधन राखताना पडला असे कळते. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला नेतात आणि वर तो शिवलिंगाची पूजा करतो. हे कोरीवकाम बुजू वा झिजू नये म्हणून ॲसिड, तारेचा ब्रश आणि सिमेंट यांपैकी काहीही वापरू नये. साधे पाणी आणि मऊ काथ्या पुरेसा होतो. सकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्रे घ्यावीत, तेव्हा झिजलेले कोरीवकामही उठून दिसते. शिळा देवळात नेऊन मांडू नयेत, कारण त्या जिथे उभ्या आहेत ती जागाही इतिहास सांगते. गाळात एखादे शिल्प निघालेच, तर ते तसेच ठेवून तहसीलदारांना कळवावे, आणि कलंडलेल्या शिळा सरळ करण्याआधी पुरातत्त्व विभागाच्या जाणकाराला एकदा दाखवाव्यात. आमची एक शिळा उचलताना तळाशी दुभंगली, ते अजूनही मनाला लागून आहे.