जहाजाचं इंधन आणि कोराडीची वीज

प्रश्न (अजनी): नागपूरला ना समुद्र, ना बंदर. जहाजांच्या धुराची काळजी आपण कशाला करायची?

आपल्या नागपुरातूनच कंटेनर रेल्वेनं न्हावाशेवाला जातात आणि तिथं जहाजावर चढतात. जगभरात माणसामुळे सुटणाऱ्या हरितगृह वायूंपैकी जवळपास ३ टक्के जहाजांचे असतात. त्यात विदर्भाच्या मालाचाही वाटा आहे.

प्रश्न (महाल): हायड्रोजनमधून धूर निघत नाही, मग तोच थेट जहाजात का भरत नाहीत?

जागा पुरत नाही. हायड्रोजन द्रवरूप ठेवायला उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागतो आणि तरीही तेवढ्याच ऊर्जेसाठी टाकी तेलाच्या चौपटीहून मोठी लागते. छोट्या फेऱ्यांना ते जमतं. वाराणसीसाठी कोचीत बांधलेली बोट त्यावरच चालते. महासागर ओलांडणाऱ्या जहाजासाठी मात्र हायड्रोजनपासून अमोनिया किंवा मिथेनॉल करावं लागतं.

अमोनिया उणे ३३ अंशांनाच द्रव होतो, हे सोयीचं. पण बर्फाच्या कारखान्यात गळती झाली की ज्यानं घसा आवळतो आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं, तोच हा वायू. इंजिनरूममध्ये सुटला तर पळायचं कुठं? आधी खलाशांचं प्रशिक्षण आणि गळती ओळखणारी यंत्रणा, मग अमोनिया, याबाबत मी तडजोड करणार नाही. मिथेनॉल हाताळायला सोपं. 'लॉरा मर्स्क' हे त्यावर चालणारं कंटेनर जहाज २०२३ मध्ये आलंही. त्यातला कार्बन मात्र जैविक कचऱ्यासारख्या स्रोतातून यायला हवा.

प्रश्न (कोराडी रोड): कोराडी-खापरखेड्याच्या कोळशाच्या वीजकेंद्रांची वीज आहेच. इथंच हरित हायड्रोजन करून बंदरावर का पाठवू नये?

आलेल्या पत्रांत मला हा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटला. पाण्यातून एक किलो हायड्रोजन वेगळा काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. कोळशाच्या विजेत युनिटमागे साधारण ९०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. गुणाकार करा: किलोमागे ४५ किलो किंवा जास्तच! नैसर्गिक वायूपासून केलेल्या हायड्रोजनलाही १० किलोच्या आसपासच पडतो. म्हणजे बंदरावर जहाज स्वच्छ दिसणार आणि धूर राहणार तुमच्या अंगणात, लेकरांच्या छातीत. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये 'हरित' म्हणण्यासाठी किलोमागे २ किलो कार्बन डायऑक्साइडची मर्यादा घातली, ती कोळशाला कधीच पाळता येणार नाही. सौर किंवा पवन वीज हवी. पाण्याचाही हिशेब आहेच: किलोमागे किमान ९ लिटर शुद्ध पाणी, आणि आपला मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून कुणी 'हरित' प्रकल्प सांगितला, की वीज कुठली आणि पाणी कुठलं, हे आधी विचारा.

प्रश्न (प्रतापनगर): तोवर काहीच करता येणार नाही का?

येईल, जहाज हळू हाकून. इंजिनाला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग १० टक्के घटवला, तर प्रवास लांबूनही फेरीमागे सुमारे १९ टक्के तेल वाचतं. संत्र्याला थांबता येत नाही, पण कापसाच्या गाठी दोन दिवस उशिरा पोचल्या तर बिघडत नाही. निर्यातदारांनी सौद्यात तेवढी सवड ठेवली, तर हे आजच्याच जहाजावर, आजच्याच तेलावर होतं.