रक्ताच्या फोटोंवरून मलेरिया ओळखणारं माझं डीप लर्निंग मॉडेल 97 टक्के अचूक आहे. ते लॅबमध्ये वापरता येईल का?

एवढ्यात नको. फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून झकास आहे. पण तुम्ही लिहिलंय की अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा डेटासेट घेतला, सगळे फोटो मिसळले आणि 20 टक्के टेस्टला, म्हणजे मॉडेलची परीक्षा घ्यायला ठेवले, बाकीचे ट्रेनिंगला, म्हणजे शिकवायला. मीही नेमकं हेच केलं होतं आणि आठवडाभर हवेत होतो.

त्यात 27,558 पेशी आहेत, निम्म्या बाधित, निम्म्या निरोगी. पण माणसं किती? बांगलादेशातल्या चित्तगावच्या मेडिकल कॉलेज रुग्णालयातले फाल्सिपेरम या प्रकारच्या मलेरियाचे 150 रुग्ण आणि 50 निरोगी. बस्स. फाइलची नावं जरा निरखून बघा, सुरुवातीलाच रुग्णाचा संकेतांक आहे. एकाच फोटोतून कापलेल्या पेशी बाधित आणि निरोगी अशा दोन्ही फोल्डरमध्ये सापडतील. म्हणजे सगळं मिसळून वाटल्यावर त्याच स्लाइडच्या पेशी ट्रेनिंगलाही गेल्या आणि टेस्टलाही. पेपर फुटलेलाच की! वाटणी रुग्णांनुसार करा, एका रुग्णाच्या सगळ्या पेशी एकाच बाजूला. आकडा खाली येईल, येऊ द्या.

आता खरी गोम. 97 टक्के हे एका पेशीबद्दल झालं, डॉक्टरला निदान हवंय माणसाचं. समजा ठणठणीत माणसाच्या स्लाइडवर 5,000 तांबड्या पेशी तपासल्या. शंभरात तीन चुका धरल्या तर 150 पेशी बाधित ठरतात. उलट खऱ्या रुग्णाच्या हजारात एकच पेशी बाधित असेल, तर त्याच्या 5,000 मध्ये खऱ्या फक्त 5. त्या 150 खोट्यांच्या गर्दीत या 5 शोधायच्या कशा? डेटासेटमधला निम्मे-निम्मे हिशोब कुठल्याच रक्तात नसतो.

शिवाय भारतात व्हायवॅक्स हा मलेरियाचा दुसरा प्रकारही भरपूर, तो तुमच्या मॉडेलने पाहिलेलाच नाही. आणि तुमचे फोटो जिएम्सा स्टेनचे (स्टेन म्हणजे पेशी दिसाव्यात म्हणून स्लाइडला लावायचा रंग). आपल्या सरकारी मलेरिया कार्यक्रमात जेएसबी स्टेन चालतो, त्याने रंगाची छटा बदलते.

माझ्या मॉडेलचा सगळ्यात मोठा घोळ प्लेटलेटचा होता. तांबड्या पेशीवर प्लेटलेट बसली की जांभळा ठिपका दिसतो, झाला मलेरिया! असे फसलेले फोटो घेऊन ओळखीच्या लॅब टेक्निशियन ताईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "फोटो राहू दे, स्लाइड आण." स्लाइडवर तेलाचा थेंब टाकला, शंभरची लेन्स लावली आणि बारीक फोकसचा स्क्रू किंचित फिरवला. पेशी धूसर झाली, ठिपका मात्र तेव्हाच स्पष्ट झाला. "वर बसलीय बघ. परजीवी पेशीच्या आत असतो, तो पेशीबरोबरच फोकसमध्ये येतो." माझ्या फोटोत फोकस एकच होता, मॉडेलला स्क्रू फिरवायची सोयच नव्हती. पुढे प्रत्येक जागेचे तीन वेगवेगळ्या फोकसचे फोटो घ्यायला लागलो, तेव्हा कुठे ही चूक आटोक्यात आली.