फेरेट घेऊन सशांच्या शिकारीला निघण्यापूर्वी

इंग्लंडमधल्या शेतावर फेरेटच्या, म्हणजे बिळात सोडून ससे बाहेरच्या जाळ्यांत हुसकावणाऱ्या मुंगसासारख्या पाळीव प्राण्याच्या, साहाय्याने ससे पकडायला तुम्ही सप्टेंबरातच उतावीळ झाला आहात हे मी समजू शकतो, पण थोडा धीर धरावा. बांधावरचे नेटल नावाचे खाजरे तण आणि काटेरी झुडपे पहिल्या कडक थंडीने जळून बसली नाहीत, तोवर बिळाची सगळी तोंडे दिसत नाहीत, आणि जाळे न लावलेल्या एका तोंडातून ससा निसटला की सकाळ वाया जाते. म्हणून ऑक्टोबरअखेरपासून सुरुवात करून फेब्रुवारीत आवरते घ्यावे. त्यानंतर बिळात पिल्ले असण्याची शक्यता वाढते, फेरेट ती मारून तिथेच झोपते आणि तुम्हाला फावडे घेऊन तासन्‌तास खणत बसावे लागते. शिवाय पिल्लांच्या आईला पकडणे मला मनापासून अयोग्य वाटते.

फेरेटच्या गळ्यात ठावठिकाणा सांगणारा पट्टा असल्याखेरीज तिला कधीही आत सोडू नका. नाडीने आवळणारी जाळी हलक्या पावलांनी, न बोलता लावावीत, कारण जमिनीवरची धपधप आत पोहोचली की ससा बाहेर यायला कचरतो. जाळीची खुंटी घट्ट रोवावी. ससा आदळताच नाडी आवळते, आणि खुंटी सैल असेल तर तो जाळ्यासकट पळतो.

जमीनमालकाची लेखी परवानगी खिशात असू द्या. सुट्टीत महाराष्ट्रात गेलात तर मात्र हा छंद इथेच ठेवून जा, तिथल्या रानसशाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.