प्रमाण कुणी ठरवलं?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि सोबतचा आराखडा दोन्ही दोनदा वाचले. कारभार जाणकारांच्या हाती दिला तर निम्मे प्रश्न गणितानेच सुटतील, असं तू लिहिलंस. उधळपट्टी बघून तुझा जीव तळमळतो, याचं मला फार बरं वाटलं. मात्र या वाटेने तुझ्याआधी बरेच जण गेले आहेत. ते कुठे अडले, ते तुला ठाऊक हवं.

१९३२ साली, ऐन महामंदीत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कारभार तंत्रज्ञांनीच चालवावा असं म्हणणारा हॉवर्ड स्कॉट आणि त्याचे सहकारी उत्तर अमेरिकेतल्या उद्योगांचा हिशेब ऊर्जेत मांडत होते. यंत्रं शाबूत, कामगार तयार, तरी घरोघरी उपासमार. दोष किमतींच्या व्यवस्थेचा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पैसा बंद करायचा आणि सगळ्यांना सारखी ऊर्जा-प्रमाणपत्रं द्यायची. ती साठवता येणार नाहीत, दुसऱ्याला देताही येणार नाहीत. ऐकताना हा समाजवादच वाटतो. स्कॉटला मात्र ते नातं मान्य नव्हतं. साम्यवादही त्याच्या लेखी किमतींच्याच चौकटीतला होता.

मार्क्सने मूल्य श्रमात मोजलं, स्कॉटने माप म्हणून ऊर्जा घेतली. दोन्ही मापं वस्तूपायी काय खर्ची पडलं ते सांगतात. (मार्क्सला यातली मर्यादा कळत होती, म्हणून तर तो उपयोगमूल्य, म्हणजे वस्तूची उपयुक्तता, वेगळं काढतो.) पण एक युनिट वीज रुग्णाच्या ऑक्सिजन यंत्राला लागली काय किंवा रिकाम्या दालनातल्या दिव्यांना लागली काय, मीटर तेवढाच फिरतो.

आता प्लायवूडची गोष्ट, माझी सगळ्यात आवडती. सोव्हिएत संघातल्या लेनिनग्राडचा तरुण गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच. प्लायवूड उद्योगातून त्याच्याकडे प्रश्न आला: लाकूड सोलणारी यंत्रं वेगवेगळ्या ताकदीची आणि लाकडाचेही प्रकार अनेक, मग कोणतं लाकूड कोणत्या यंत्रावर चढवावं, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात जास्तीत जास्त माल निघेल? त्याने काढलेली रीत १९३९ साली छापून आली. आज तिला रेषीय प्रोग्रॅमिंग म्हणतात. गंमत अशी की उत्तरासोबत काही गुणकही हाती आले, आणि ते चक्क किमतींसारखे वागत होते! बाजार नव्हता, तरी हिशेबातून किंमत उगवलीच. त्यावरून मायदेशातल्या अर्थशास्त्र्यांनी त्याला बराच विरोध केला. नोबेल मिळालं ते १९७५ साली.

पण त्या प्रश्नातले दोन शब्द पुन्हा वाच: 'ठरलेल्या प्रमाणात'. कोणता माल किती हवा, हे कांतोरोविचने ठरवलं नव्हतं, ते त्याच्यापुढे आयतं आलं. प्रमाण बदललं की यंत्रांची वाटणी बदलते, गुणकही बदलतात, आणि नवं उत्तरही पहिल्याइतकंच बरोबर असतं. कोणतं प्रमाण न्याय्य, हे गणित सांगत नाही.

बाजाराची बाजू घेणारा अर्थशास्त्रज्ञ हायेक याने १९४५ साली दाखवून दिलं की लागणारं ज्ञान असंख्य माणसांत विखुरलेलं असतं, एका टेबलावर ते गोळा होत नाही. हे मला पटतं. सगळं किमतींवर सोपवावं, हे मात्र पटत नाही. बाजारात ज्याचा खिसा जड, त्याचीच गरज मोठी ठरते. म्हणून प्रमाण ठरवायला ते ज्यांना भोगायचं आहे ती माणसं समोर बसायला हवीत. वेळ जाईल, वाद होतील, होऊ देत.

तुझ्या आराखड्यातली आकडेमोड मी तपासली. चोख आहे. फक्त 'प्राधान्यक्रम' या रकान्यात १ ते ५ असे आकडे आहेत, ते कुठून आणलेस हे कुठेच लिहिलेलं नाही. ज्यांच्या वाट्याला ५ आलाय, त्यांच्यापैकी चार-पाच जणांना भेट. त्यांचं म्हणणं नीट ऐकून घे, मग तो रकाना नव्याने भरून मला पाठव. मी वाट बघतो.

तुझा,
एक जुना इंजिनिअर