अहवालात औषध ‘सेन्सिटिव्ह’ असूनही भाजलेली जखम का भरत नाही?

भाजलेल्या जखमेच्या स्वॅबमध्ये स्यूडोमोनास हा जंतू सापडला, अहवालात ‘सेन्सिटिव्ह’, म्हणजे त्या जंतूवर लागू पडणारे, असे लिहिलेले अँटिबायोटिक पूर्ण दिले, तरी जखम ओलीच राहिली. मग अहवाल चुकला का, असे आपण विचारले आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते आणि असे अहवाल रोज तयार करते. बहुधा अहवाल बरोबरच असतो, मात्र तो ज्या जंतूंविषयी बोलतो, ते जखमेतल्या जंतूंसारखे राहत नाहीत.

चाचणीसाठी आम्ही जंतूंना ताजे खाद्य देऊन सुटे आणि वेगाने वाढू देतो. जखमेत मात्र ते पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती बहुशर्करा, प्रथिने आणि मेलेल्या पेशींतून सांडलेला डीएनए यांचा बुळबुळीत थर रचतात आणि त्यात वसाहत करून राहतात, हीच बायोफिल्म. काचेच्या नळीत जंतू वाढवून, द्रव ओतून टाकून आणि नळी धुऊन तिला क्रिस्टल व्हायोलेट हा रंग लावला, की काचेवर जांभळे कडे उमटते. धुऊनही न सुटलेले ते कडे मी प्रथम पाहिले, तेव्हा जखम नुसती पुसून का भागत नाही, हे मला पटले.

या थरात ॲमिनोग्लायकोसाइड गटातल्या अँटिबायोटिकसारखी औषधे अडकून पडतात. तळाशी प्राणवायू कमी असल्याने जंतूंची वाढ मंदावते आणि वाढत्या पेशीवरच घाव घालणारी औषधे तिथे निष्प्रभ ठरतात. काही पेशी तर जवळजवळ निद्रिस्त असतात. औषध थांबताच त्या पुन्हा वाढू लागतात. म्हणूनच बायोफिल्ममधील जंतूंना मारण्यासाठी कधीकधी शेकडो पट अधिक मात्रा लागते, आणि ती शरीराला सोसणारी नसते. जंतूंच्या अशा तग धरण्याला सहनशीलता म्हणतात. जनुकीय प्रतिरोध वेगळा: त्यात जंतू औषध तोडणारी विकरे बनवतो, आत आलेले औषध पंपाने बाहेर फेकतो किंवा औषध शिरण्याची वाट बंद करतो, आणि ते अहवालात दिसते. दोन्ही एकत्र आले, तर उपचार फार अवघड होतात.

भाजलेल्या जखमेत आणखी एक अडचण असते. जळून मेलेल्या त्वचेत रक्तवाहिन्या चालू नसल्याने शिरेतून दिलेले औषध तिथे पुरेसे पोहोचतच नाही, आणि जंतूंना मात्र ती आयती जागा मिळते. 1970 मध्ये स्लोव्हेनियातील शल्यचिकित्सक झोरा यान्झेकोविच यांनी मृत थर लवकर काढून लगेच त्वचारोपण करण्याची पद्धत मांडली; माझ्या मते, जखमेतील जंतूंविरुद्ध कोणत्याही एका अँटिबायोटिकपेक्षा तिने अधिक साधले आहे.

त्यामुळे औषध बदलण्याचा आग्रह धरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात. मृत ऊतक पुरते काढले आहे का? कारण बायोफिल्म एक ते तीन दिवसांत पुन्हा जमते आणि सफाई अनेकदा वारंवार करावी लागते. तसेच वरवरच्या स्वॅबऐवजी ऊतकाचा लहान तुकडा कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जंतू वाढवून तपासण्यासाठी, पाठवता येईल का, कारण स्वॅबवर अनेकदा फक्त पृष्ठभागावरचे जंतू येतात आणि खोलवरचे निसटतात.